आठ पॉइंट वर, आठ पॉइंट खाली

नागपूरजवळ उमरेड रस्त्यावरच्या एका मिरचीच्या शीतगृहात गेल्या मे महिन्यात अडीचशे अश्वशक्तीची एक नवी मोटर चार दिवस रोज सकाळी खाली उतरवली जात होती आणि रोज संध्याकाळी वर चढवली जात होती. वर आणि खाली यांच्यातलं अंतर माणसाच्या एका केसाएवढं होतं. हे करणारे दोघे या धंद्यात प्रत्येकी तीस वर्षांहून अधिक काळ होते. त्यांतला एक मी, दुसरा देवराव. चारही दिवस दोघांचं मोजमाप बिनचूक होतं. सगळी अडचण त्यातूनच झाली.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण मोटर बसवतो म्हटलं की लोकांना घरची पाण्याची टाकी आठवते. जरीपटक्यात राहणारे माझे साडू गेली वीस वर्षं टाकीचा पंप बंद पडला की मला फोन करतात. मी दर वेळी त्यांच्याच गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला फोन करतो. आमच्या कामातली मोटर दीड-दोन टनांची असते, क्रेनने येते, आणि वायरमन तिच्यात वीज सोडेपर्यंत आमच्या ताब्यात असते. विजेशी आमचा संबंध जवळजवळ नाही. आमचा संबंध सरळ रेषेशी.

मोटरमधून एक जाड पोलादी दांडा बाहेर आलेला असतो, तो शाफ्ट. समोर जे यंत्र फिरवायचं, पंप असो की कॉम्प्रेसर, त्यालाही तसाच शाफ्ट. दोन्ही शाफ्ट समोरासमोर आणून मधे कपलिंग नावाचा जोड बसवतात. हे दोन दांडे जणू एकच दांडा मधे कापून ठेवलाय इतके एका रेषेत हवेत. नसले, तर मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारताना ते एकमेकांना हिसके देतात. आधी कपलिंगच्या रबराचा भुगा पडतो, मग बेअरिंग तापतात, आणि एखाद्या दिवशी शाफ्ट तुटतो.

मोटर डावीकडे-उजवीकडे सरकवणं सोपं. वर-खाली करणं कठीण. तिच्या चार पायांखाली पोलादाचे पातळ तुकडे सरकवायचे, त्यांना शिम म्हणतात. घरातलं टेबल डुगडुगलं की पायाखाली कागदाची घडी घालतात, तेच. आमची घडी मात्र मोजून असते. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे आमचा एक पॉइंट. मोजायला डायल गेज असतो. तो दिसायला घड्याळासारखा, एका शाफ्टला बांधायचा, त्याची टाचणी दुसऱ्या शाफ्टवर टेकवायची, दोन्ही शाफ्ट हाताने फिरवायचे आणि काटा किती हलला ते वाचायचं. माणसाचा केस सात-आठ पॉइंट जाडीचा असतो. आमचं भांडण आठ पॉइंटांचं होतं.

केसाने काय बिघडतं, हा प्रश्न आम्हाला दर कामावर कोणीतरी विचारतं. मौद्याकडच्या एका भातगिरणीच्या मालकांना काम लवकर आटपायचं होतं. ते म्हणाले, "हत्तीएवढी मोटर आहे. केसानं काय होते गा तिले?"

मी म्हटलं, "डोळ्यात केस गेला तर काय होतं?"

"माह्या डोयात नाई ना गेला. मोटरच्या गेला."

त्यांनी आम्हाला थांबवलं आणि मोटर तशीच चालू केली. तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज पडला होता. एवढंच म्हणाले, "या गा. तो डोयातला केस काढून द्या."

अशी उदाहरणं माझ्याकडे बरीच आहेत आणि त्या सगळ्यांत शहाणा मीच असतो. म्हणून ती बाजूला ठेवतो आणि शीतगृहाचं सांगतो.

शीतगृहाच्या मालकीण सुमनताई. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा गेल्यानंतर आठ-दहा वर्षं त्याच ते चालवतात. भिवापूरकडची मिरची उन्हाळ्यात त्यांच्याकडे येऊन थांबते आणि पुढच्या हंगामापर्यंत राहते. कोठ्यांमध्ये सात अंश तापमान ठेवावं लागतं. त्यासाठी दोन कॉम्प्रेसर होते, एक मोठा, एक जुना आणि लहान. मोठ्याची मोटर मे महिन्यात जळली. नवी मोटर आली, पण ती जुळवून सुरू होईपर्यंत सगळा भार लहान कॉम्प्रेसरवर होता, आणि बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला होता. आम्ही पहिल्या दिवशी गेलो तेव्हा कोठीतला काटा बारावर होता.

सुमनताईंनी आम्हाला कोठीत नेलं, एका पोत्यातून एक मिरची काढली आणि आपल्या पांढऱ्या हातरुमालावर ठेवून दाखवली. गडद लाल.

"थंडीतली मिरची गरम झाली की घामेजते," त्या म्हणाल्या. "घामेजली की काळी पडते. काळी पडली की तिले कोणी भिवापुरी म्हणत नाही. हा काटा अठराच्या वर गेला की माझं काही खरं नाही. सगळ्या गावांची मिरची आहे ही. लोकांनी माझ्या भरवशावर ठेवली. मले मशीन चालू पाहिजे, बस."

मी सांगितलं, दोन दिवस. देवरावने मान डोलावली.

त्याच आठवड्यात हिंगण्याला एका सूतगिरणीतही आमचं काम चालू होतं. म्हणून आम्ही वाटणी केली. सकाळी सहा ते दहा मी शीतगृहात आणि दुपारी हिंगण्याला. देवराव सकाळी हिंगण्याला आणि दुपारी दोनपासून शीतगृहात. आमचा एक जुना नियम होता, आम्हीच केलेला: एकाने जुळवलेली मोटर दुसऱ्याने स्वतः वाचल्याशिवाय कपलिंग जोडायचं नाही. या नियमाने आम्हाला अनेकदा वाचवलं आहे. या वेळी त्याने आम्हाला चार दिवस अडकवून ठेवलं.

वाचन लिहायला यंत्राच्या खोलीत एक वही टांगलेली होती. पुढचा मजकूर त्या वहीतून जसाच्या तसा देतो. त्यात शून्य म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत.

पहिला दिवस, सकाळ, माझं अक्षर: "सकाळी ९. शून्य. देवरावने वाचून कपलिंग जोडावं."

पहिला दिवस, संध्याकाळ, देवरावचं अक्षर: "सायं. ५. मोटर आठ पॉइंट खाली. चारही पायांखाली आठची शिम टाकली. आता शून्य. प्रभाकरने वाचून कपलिंग जोडावं."

दुसरा दिवस, सकाळ: "मोटर आठ पॉइंट वर. काल शिम टाकायची गरज नव्हती. काढली. शून्य."

दुसरा दिवस, संध्याकाळ: "मोटर आठ पॉइंट खाली. शिम काढायची गरज नव्हती. टाकली. शून्य."

तिसरा दिवस, सकाळ: "मोटर आठ पॉइंट वर. वाचन घेण्याआधी गेजचा स्टँड घट्ट आहे का ते बघत जावं. शिम काढली."

तिसरा दिवस, संध्याकाळ: "स्टँड घट्ट आहे. मोटर आठ पॉइंट खाली. शिम टाकली. सकाळचं वाचन शिंकेच्या आधीचं की नंतरचं, तेही लिहीत जावं."

शिंकेबद्दल खुलासा केला पाहिजे. यंत्राच्या खोलीला लागूनच मिरचीचे देठ खुडायची शेड होती. तीस-चाळीस बाया सकाळी सातपासून तिथे बसत आणि मिरचीची धूळ दाराखालून आत येई. देवरावला तिचं काही वाटत नसे. मला शिंका येत. शिंकताना हात गेजवर असला तर काटा नाचतो, हे खरं आहे. पण मी दर वेळी हात काढून शिंकत होतो.

चौथा दिवस, सकाळ: "शिंका अकरा, सर्व वाचनानंतर. मोटर आठ पॉइंट वर. शिम काढली. पुन्हा टाकल्यास कारण लिहावे."

चौथा दिवस, संध्याकाळ: "शिम टाकली. कारण: मोटर खाली आहे."

चार दिवस त्याच चार शिम आत-बाहेर होत होत्या. एकीचा कोपरा दुमडला होता, म्हणून मी ती ओळखत होतो. कोठीतला काटा रोज एकेका अंशाने वर जात होता.

दरम्यान हिंगण्याच्या सूतगिरणीत आमचं एकदाही बिनसलं नाही. मी दुपारी जुळवलेलं तो सकाळी वाचे आणि शून्य लिही. यावरून खरं तर काही कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की हिंगण्याला त्याची चूक मी सुधारतो आहे.

तिसऱ्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. सुमनताईंच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की देवरावचे डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, काट्याच्या बारीक रेघा त्याला दिसत नसाव्यात. त्याला हिंगण्यालाच ठेवतो आणि इथलं मी एकटा संपवतो. हे बोलताना आपण कोणाविषयी बोलतो आहोत, ते मला ठाऊक होतं. देवरावचं घराणं उमरेडच्या कोष्ट्यांचं. बाप हातमागावर, काका हातमागावर. हा माग सोडून आमच्या धंद्यात आला, पण बोटं घरचीच राहिली. शिम बोटांत धरून पाचची की दहाची ते तो न मोजता सांगतो, आणि मी पैजा लावून हरलेलो आहे. तरीही मी ते बोललो. सुमनताई म्हणाल्या, "बरं. बघते."

चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता कॉम्प्रेसरच्या कंपनीचा अभियंता आला. पुण्याचा, तिशीच्या आतला, बरोबर लेझरचं यंत्र. त्याच्या मोजणीत गेजचा काटा नव्हता, शिंकेचा प्रश्न नव्हता आणि चष्म्याचाही नव्हता. त्यामुळे तो आमच्यातला एक खरा ठरवेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. सकाळी मी शून्य करून गेलो होतो. देवरावला संध्याकाळी ती आठ खाली दिसत होती. अभियंत्याला ती चार खाली दिसली.

त्याने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा चार. मग वही चाळली, आणि तो वही वाचताना हसला नाही हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्याचं मत त्याने सुमनताईंना सांगितलं: दोन अनुभवी माणसं रोज वेगळं वाचतात, लेझर तिसरंच सांगतं, याचा अर्थ पायाचं काँक्रीटच हलतं आहे. पाया फोडून नवा घालावा लागेल. फोडायला एक दिवस, ओतायला एक दिवस, आणि तो पक्का व्हायला निदान आठवडा. कंपनीने तीन पॉइंटांची मुभा दिली आहे, त्यापुढे तो सही करणार नाही. काँक्रीट फोडायचा ब्रेकर घेऊन माणसं उद्या दुपारी चार वाजता येतील.

कोठीतला काटा त्या दिवशी पंधरावर होता. आठवड्यानंतर तो अठराच्या बराच पुढे गेलेला असणार होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी वाचन घेतलं. आठ पॉइंट वर. शिमला हात लावला नाही. हिंगण्याचं काम एक दिवस बंद ठेवलं, देवरावला फोन केला आणि सांगितलं की आज आपण दोघं एकाच वेळी, एकाच गेजवर वाचू. चार दिवसांतलं हे आमचं पहिलं बोलणं. तो म्हणाला, "हेच मी तुले सांगणार होतो, पण म्हटलं तू शिंकण्यात बिझी असशील."

तो दोन वाजता आला. खोलीत लहान कॉम्प्रेसर धडधडत होता, पत्र्याचं छत तापलं होतं, पण मोटरपाशी बरं वाटत होतं. मी गेज बांधला. शाफ्ट फिरवायला मोटरला वळसा घातला, तर तिच्या पाठीवर एक ताकाची बाटली, एक स्टीलचा डबा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन कांदे ठेवलेले.

हा संसार वच्छलाबाईंचा होता. त्या देठ खुडायच्या शेडमध्ये कामाला होत्या, आणि दर दोन तासांनी आत येऊन कूलरमध्ये बादलीने पाणी भरायचं कामही त्यांच्याकडे होतं. त्या वेळी त्या बादली घेऊन आत आल्याच होत्या.

मी म्हटलं, "अहो बाई, हे काय आहे? मोटर आहे ही. फ्रीज आहे का?"

"फ्रीज नाही तं काय हाय भाऊ?" त्या म्हणाल्या. "त्या तिकडच्या लोखंडावर ठेवलं तं ताक तासाभरात आंबते. इथं पाच वाजेवरी गोड राह्यते. चार दिवस झाले, मी तं इथंच ठेवून राहिली."

देवराव म्हणाला, "काहून गोड राह्यते?"

"आता काहून म्हणजे? हात लावून पाहा ना. कूलरची सारी हवा याच्यावरच तं येऊन राहिली."

आम्ही दोघांनी मोटरवर हात ठेवला. माठासारखी गार. मग देवरावने सहा इंच पलीकडे, समोरच्या मोठ्या कॉम्प्रेसरवर हात ठेवला आणि लगेच उचलला. तिकडचं लोखंड चटका देत होतं.

कूलर कुठून आला ते नंतर कळलं. एरवी तो मशीन सांभाळणाऱ्या ऑपरेटरच्या टेबलापाशी असे. पहिल्या दिवशी दुपारी सुमनताईंनी देवरावला घामाने निथळताना पाहिलं आणि त्याच्या वयाकडे बघून कूलर त्याच्या स्टुलाकडे फिरवायला सांगितला. स्टूल मोटरच्या मागे होतं. सकाळी साडेदहाला, मी गेल्यावर, कूलर सुरू होई. ऑपरेटर रात्री बाहेर खाट टाके तेव्हा बंद होई. नागपुरात उन्हाळ्यात खोलीत कूलर असणं ही नोंद घेण्याजोगी गोष्ट नसते. मी चार सकाळी त्याला वळसा घालून मोटरपाशी गेलो होतो.

पोलाद तापलं की वाढतं, गार झालं की आक्रसतं. सकाळी मोटर आणि कॉम्प्रेसर सारखेच कोमट असत, तेव्हा माझं शून्य खरं. दुपारी कॉम्प्रेसर खोलीबरोबर तापे आणि उंच होई, मोटर कूलरसमोर गार आणि बुटकी राही, तेव्हा देवरावचं शून्य खरं. अभियंता आला तेव्हा कूलर चालू होऊन दीडच तास झाला होता, म्हणून त्याचे चार. मोटर चालायला लागली की तापते आणि किती वाढते, हे आम्ही दोघांनी कंपनीच्या कागदावरून पहिल्याच दिवशी धरलं होतं. बंद मोटरला गार वारा लागतो, हे कोणाच्या कागदावर नव्हतं.

देवरावने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला. पायापासून शाफ्टपर्यंतची उंची, दोन्हीकडच्या तापमानातला फरक, पोलादाचा वाढीचा आकडा. उत्तर आठ आलं.

त्याने त्या आठभोवती गोल काढला. मग म्हणाला, "बाई, तुमचं शिक्षण किती झालं?"

"चौथी," वच्छलाबाई म्हणाल्या आणि कूलरमध्ये पाणी ओतायला लागल्या.

"ओतू नका!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

अडीच वाजले होते. चारला ब्रेकर येणार होता. आम्ही कूलर बंद केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मोटर पुन्हा खोलीइतकी गरम व्हायला वेळ लागणार होता आणि तोवर काही करायचं नव्हतं. गेज बांधलेलाच होता. आम्ही त्याच्यासमोर दोन स्टुलांवर बसलो. पाच मिनिटांत शर्ट अंगाला चिकटले. देवराव म्हणाला, "चार दिवस मी आरामात होतो गा. आता समजलं तू सकायची पाळी काहून घेतली." मी म्हटलं, सकाळची पाळी तूच मला दिली होतीस. त्यावरही थोडं भांडण झालं.

सुमनताई आल्या. "कूलर काहून बंद केला? बिघडला का?"

"नाही ताई," देवराव म्हणाला. "मोटरले थंडी वाजून राहिली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या दारातच उभ्या राहिल्या. माझ्या अंदाजाने त्या दोन मिस्त्र्यांना ऊन लागलं असल्याच्या निष्कर्षापर्यंत आल्या होत्या.

काटा शून्यावरून हळूहळू सरकत होता. एक पॉइंट. दोन. साडेतीनला चार. घाम काचेवर पडू नये म्हणून देवरावने गेजवर दुपट्टा धरला होता. चार वाजायच्या आत बाहेर गाडीचा आवाज आला आणि दोन माणसं ब्रेकर ओढत आत आली. मागून अभियंता. ब्रेकरची वायर बोर्डापर्यंत नेली जात होती, तेव्हा देवराव उठून त्या दोघांपुढे उभा राहिला.

"साहेब, पाच मिनिटं. काही करू नका. फक्त इथं बसा आन् काटा पाहा."

"काका, काल दोनदा मोजलंय मी."

"काका नंतर म्हणा. आधी काटा पाहा."

अभियंता माझ्या स्टुलावर बसला. आम्ही दोघं मागे झालो, हात बांधून, म्हणजे कोणी काही हलवतं आहे असा संशय नको. त्याच्या डोळ्यांसमोर काटा पाचवरून सरकला आणि साडेपाचवर गेला. मोटरला कोणी हात लावला नव्हता. तो आणखी जवळ झुकला. मग त्याने मोटरवर हात ठेवला, कॉम्प्रेसरवर ठेवला, भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या कूलरकडे पाहिलं आणि ब्रेकरवाल्यांना म्हणाला, "वायर काढा." एवढ्या लवकर समजणारी माणसं मी कमी पाहिली आहेत. आम्हाला पाच दिवस आणि ताकाची एक बाटली लागली होती.

साडेसहाला काटा आठवर येऊन थांबला. आम्ही चारही शिम काढल्या, बोल्ट कसले, मी वाचलं, देवरावने वाचलं, अभियंत्याने लेझर लावलं. तिघांचं उत्तर अर्ध्या पॉइंटाच्या आत होतं. कपलिंग जोडलं. कोठीतला काटा सोळाच्या पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मोटर सुरू झाली. मोठी यंत्रं सुरू होताना लोक एक पाऊल मागे सरतात. सुमनताई सरल्या नाहीत. मी मोटरवर एक नाणं उभं करून ठेवलं. ते उभंच राहिलं. दुपारपर्यंत कोठीतला काटा बारावर आला. ताईंनी पोत्यांच्या तीन वेगवेगळ्या थप्प्यांमधून मिरच्या काढून आणल्या, एकेक करून रुमालावर ठेवल्या, एक मोडून वास घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "लाल आहे." मग खुर्चीत बसल्या. पाच दिवसांत त्या बसलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

आम्ही निघायला आलो तेव्हा अभियंत्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. विलंबाचं कारण म्हणून त्याने "तापमानातील फरक" एवढं लिहिलं होतं. कूलर कोणासाठी फिरवला, तो कोणाला दिसला नाही, यातलं काही नव्हतं. देवराव ते वाचून म्हणाला, "पोरगा चांगला आहे."

सुमनताई म्हणाल्या, "एक गोष्ट सांगू का? तिसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरराव माझ्याकडे आले. म्हणाले, देवरावले काढा."

देवरावने माझ्याकडे पाहिलं नाही.

"संध्याकाळी देवराव आले," त्या पुढे म्हणाल्या. "म्हणाले, प्रभाकररावले काढा. मी दोघांलेही बघते म्हणाली. दोघांचंही ऐकलं असतं तर मोटर मलेच बसवावी लागली असती."

आम्ही बाहेर पडलो. मोटरसायकलवर दिघोरीपर्यंत आलो. तिथे टपरीपाशी देवरावने खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. चहा सांगितला. अर्धा कप झाल्यावर त्याने विचारलं.

"काय सांगितलं होतं तू ताईले?"

"डोळे गेले म्हणालो तुझे," मी म्हटलं. "काट्याच्या रेघा दिसत नाहीत म्हणालो. तू?"

"हात थरथरते म्हणालो."

मी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला होता.

देवरावने खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, लावला आणि बशीकडे पाहिलं.

"दोन्ही खरंच आहे ना गा," तो म्हणाला.

आता आम्ही एकाच वेळी, एकाच जागी काम करतो. काटा मी वाचतो. शिम तो बसवतो.